चेक: तपासण्याआधी थांबवणारा शब्द

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. एका अमेरिकन कथेचा अनुवाद करताना तुम्हाला एक वाक्य अडलं: ‘ही चेक्ड हिज स्ट्राइड, चेक्ड हिज वॉच अँड पेड द चेक.’ पहिल्या खर्ड्यात तुम्ही ‘त्याने आपली पावलं तपासली, घड्याळ तपासलं आणि धनादेश दिला’ असं लिहिलंत आणि ते तुमचं तुम्हालाच खटकलं. मग तुम्ही विचारलंत की हे तीन ‘चेक’ एकाच शब्दाची रूपं आहेत, की योगायोगाने सारखे दिसणारे निरनिराळे शब्द? चौकड्यांच्या कापडाला चेक्स का म्हणतात? आणि बँकेचा चेक अरबी ‘सक्क’वरून आला असं जे सारखं वाचायला मिळतं, ते कितपत खरं?

अनुवाद आणि कोशाचं काम करता करता माझी अठ्ठावीस वर्षं झाली. ‘चेक’ इतका फसवणारा छोटा शब्द मला क्वचितच भेटला असेल. आपण तो मराठी बोलताना दिवसातून दहा वेळा वापरतो, त्यामुळे तो आपल्याला कळलेला आहे असं गृहीत धरतो. त्याचा आपल्याला माहीत असलेला अर्थ ‘तपासणे’. पण शब्दाच्या आयुष्यात हा अर्थ फार उशिरा आला. त्याआधी तीनेकशे वर्षं इंग्रजी माणूस ‘चेक’ म्हणत होता तो थांबवणे, अडवणे, आवरणे या अर्थाने. आणि त्याच्याही मागे गेलात तर अर्थ निघतो ‘राजा’.

तर पहिलं उत्तर: शब्द एकच आहे. त्याच्या दोन फांद्या आहेत, एक बुद्धिबळातल्या चालीतून फुटली आणि दुसरी बुद्धिबळाच्या पटातून. तुमच्या वाक्यातले तिन्ही चेक पहिल्या फांदीवरचे आहेत, शर्टावरचा चेक दुसरीवरचा.

बुद्धिबळ खेळताना समोरच्याच्या राजावर हल्ला झाला की आपण ‘शह’ म्हणतो. हा ‘शह’ म्हणजे फारसी ‘शाह’, राजा. खेळणारा समोरच्याला सावध करायचा, ‘राजा!’ म्हणजे राजा सांभाळ. फारसीतून हा पुकारा अरबीत गेला. साधारण दहाव्या शतकाच्या सुमारास अरबांच्या सत्तेखालच्या स्पेनमधून हा खेळ युरोपात पसरायला लागला, तेव्हा शब्दही बरोबर गेला. शेवटचा ‘ह’ तिथल्या जिभेवर ‘क’ झाला. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘स्काकुस’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’, आणि १३०० च्या सुमारास इंग्रजीत, सुरुवातीचा ‘ए’ गळून, ‘चेक’. फ्रेंचमधलं याचंच अनेकवचनी रूप इंग्रजीत ‘चेस’ होऊन बसलं. म्हणजे ‘चेस’ या खेळाच्या नावाचा शब्दशः अर्थ ‘राजे’, किंवा हवं तर ‘शह’चं अनेकवचन. जर्मन लोक या खेळाला ‘शाख’ म्हणतात, इटालियन ‘स्काकी’, रशियन ‘शाखमाती’. सगळीकडे तोच राजा बसलेला आहे. अपवाद स्पॅनिश आणि पोर्तुगीजचा. त्यांचे ‘आखेद्रेस’ आणि ‘शाद्रेस’ हे शब्द अरबी ‘शतरंज’मधून आले, आणि शतरंज आला संस्कृत ‘चतुरंग’मधून. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ असं चार अंगांचं सैन्य ते चतुरंग.

इथे थोडं थांबतो, कारण याच्याही मागची पायरी मराठी वाचकाच्या घरातली आहे. ‘शाह’ हा जुन्या पर्शियन भाषेतल्या ‘ख्शायथिय’ या शब्दाचा झिजलेला अवशेष. पश्चिम इराणमध्ये बेहिस्तून इथे पहिल्या दारियसने इसवी सनपूर्व ५२० च्या सुमारास कड्यावर जो प्रचंड शिलालेख कोरवला, त्यात तो स्वतःला राजांचा राजा म्हणवतो. ‘शहेनशाह’ हे त्याच बिरुदाचं नंतरचं रूप. ‘ख्शायथिय’च्या मुळाशी सत्ता असणे, राज्य करणे हा धातू आहे, आणि संस्कृतमधला ‘क्षत्र’ त्याच घराण्यातला. क्षत्रिय आणि क्षत्रप हे शब्द तिथलेच. म्हणजे इंग्रजी ‘चेक’ आणि आपला ‘क्षत्रिय’ ही लांबची का होईना, पण भावंडं आहेत. आपला ‘बादशहा’ तर सख्खाच. पहिल्यांदा हे कागदावर मांडून पाहिलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या नोंदीकडे नुसता बघत बसलो होतो.

‘चेकमेट’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगून टाकतो. ‘शाह मात’ म्हणजे ‘राजा मेला’ असं सर्रास सांगितलं जातं, कारण अरबीत ‘माता’ म्हणजे मेला. पण पट फारसी होता आणि शब्दही फारसी. फारसीत ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला, अडकून पडलेला. बुद्धिबळात राजा कधीच मारला जात नाही, त्याला फक्त हलायला जागा उरत नाही, त्यामुळे हाच अर्थ अभ्यासकांना जास्त पटतो. मराठीत आपण ‘संकटावर मात केली’ म्हणतो तेव्हा तोच शब्द वापरत असतो.

आता मुख्य वळण. ‘राजा’चा ‘थांब’ कसा झाला?

शह बसल्यावर पटावर काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. तुम्ही पाच चालींचा बेत रचलेला असतो. घोडा पुढे काढायचा, मग वजीर त्या कोपऱ्यात न्यायचा. तेवढ्यात समोरून ‘शह’ येतो आणि तो सगळा बेत तिथल्या तिथे गोठतो. नियमच तसा आहे, दुसरं काहीही करण्याआधी राजाला वाचवायचं. खेळातला हा क्षण इंग्रजीने उचलला आणि पटाबाहेर वापरायला सुरुवात केली. जोरात चाललेल्या गोष्टीला अचानक बसलेली खीळ म्हणजे चेक. धावता घोडा लगाम खेचून रोखणं म्हणजे चेक. शिकारी कुत्र्यांना वास लागेनासा झाला आणि ती जागीच घुटमळली की तेही चेक. रागाच्या भरात तोंडून निघू पाहणारं वाक्य गिळलं, तरी ‘चेक्ड हिमसेल्फ’. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत हाच अर्थ नांदतो आहे, आणि आजही तो मेलेला नाही, फक्त आपल्याला दिसत नाही.

मराठीत याच शब्दाचं काय झालं ते पाहण्यासारखं आहे. आपणही ‘शह’ पटाबाहेर काढला, पण आपल्याला त्यातली खीळ दिसली नाही, दिसला तो डाव. ‘त्याने प्रतिस्पर्ध्याला शह दिला’, ‘शहाला काटशह’. आपल्याकडे शह हा दोन माणसांमधला मामला राहिला, त्यात समोर कुणीतरी विरोधक लागतोच. इंग्रजीत तो वस्तूंना, वेगाला, मनाला, रोगाला, कशालाही लागू झाला. एकच बी दोन जमिनींत पडलं आणि दोन वेगळी झाडं उगवली. ‘चेक’चा अनुवाद करताना ‘शह’ सहसा चालत नाही त्याचं कारण हे.

हा जुना अर्थ विसरल्याने काय होतं, याचा एक अनुभव सांगतो. सुरुवातीच्या काळात पंपांच्या एका माहितीपुस्तिकेचा अनुवाद माझ्याकडे आला होता. त्यात ‘चेक व्हॉल्व’ होता. मी बेधडक ‘तपासणी झडप’ लिहिलं. पुस्तिका छापण्याआधी एका अनुभवी फिटरला वाचायला दिली होती. त्याने त्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, “ही झडप काय तपासते?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याने एक जुना व्हॉल्व आणून माझ्या हातात दिला. पितळेची छोटी नळी, आत बिजागरीवर झुलणारी एक चकती. एका बाजूने बोटाने ढकललं तर चकती सहज उघडायची, दुसऱ्या बाजूने ढकललं तर कडेवर घट्ट टेकून बसायची. पाणी वर चढू द्यायचं, मागे वळायला लागलं की अडवायचं, एवढंच तिचं काम. ती काहीच तपासत नव्हती, परतणाऱ्या पाण्याला रोखत होती. मी ते ‘उलटा प्रवाह रोखणारी झडप’ असं दुरुस्त केलं, आणि त्या दिवसापासून ‘चेक’ दिसला की पहिला प्रश्न ‘इथे काही थांबतंय का?’ असा विचारायची सवय लागली.

हा प्रश्न विचारलात की कितीतरी कुलुपं उघडतात. चेक डॅम म्हणजे ओढ्याच्या पाण्याचा वेग मोडणारा बंधारा. चेक नट म्हणजे पहिला नट सैल होऊ नये म्हणून त्याच्यावर आवळलेला दुसरा नट. आइस हॉकीत खेळाडू एकमेकांना अंगाने धडक देऊन अडवतात, ते बॉडी चेक. ‘द डिसीज स्प्रेड अनचेक्ड’ हे वाक्य मी ‘तपासणी न होता रोग पसरला’ असं भाषांतरित झालेलं स्वतः पाहिलं आहे. वाचताना ते खरंही वाटतं, कारण रोगाच्या तपासण्या होतच असतात. म्हणूनच ही चूक धोक्याची: ती वाक्यात बेमालूम बसते आणि अर्थ साफ बदलून जातो. मूळ लेखक म्हणत होता, रोग अनिर्बंध पसरला, त्याला कुणी आवर घालू शकलं नाही.

राज्यशास्त्रातल्या ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ची गतही हीच. फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ साली जो मुद्दा मांडला तो असा की सत्तेचा गैरवापर टाळायचा तर सत्तेनेच सत्तेला रोखलं पाहिजे. फ्रेंचमध्ये त्याने सरळ ‘थांबवणे’ हे क्रियापद वापरलं होतं, इंग्रजी अनुवादात तिथे ‘चेक’ आला. १७८७ साली अमेरिकेची राज्यघटना तयार झाली ती याच विचारावर: संसदेच्या कायद्याला अध्यक्षाचा नकाराधिकार, त्या नकाराधिकारावर पुन्हा संसदेचं दोनतृतीयांश बहुमत. यात तपासणी कुठे आहे? एकाने दुसऱ्याची वाट अडवण्याची सोय आहे. ‘नियंत्रण आणि संतुलन’ हा रूढ प्रतिशब्द म्हणून चालतो, पण मला विचाराल तर ‘अंकुश आणि समतोल’ जास्त नेमका. अंकुशात रोखण्याची धार आहे.

मग ‘तपासणे’ आलं कुठून? सतराव्या शतकाच्या अखेरीस, हिशेबाच्या कागदांतून. चूक होऊ नये, फसवणूक होऊ नये म्हणून तिच्या वाटेत काहीतरी आडवं घालायचं, तो चेक. आणि ते आडवं घालायची रीत कोणती? एक कागद दुसऱ्याशी ताडून पाहायचा. रोखण्याचं साधन म्हणून सुरू झालेली ही ताडून पाहण्याची क्रियाच हळूहळू शब्दाचा अर्थ बनली. आपण बेरजेचा ‘ताळा’ करतो ना, अगदी तसं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘चेक’चे आवरणे, लगाम घालणे, खडसावणे हे अर्थ पुढे आहेत, आणि मग बँकेची नोट तिच्या जोडीच्या कागदाशी पडताळणे हा अर्थ येतो. अजून तो ‘कोणतीही गोष्ट तपासणे’ इतका मोकळा झालेला नव्हता.

याच्या बाजूला ‘कंट्रोल’ हा शब्द ठेवून पाहा. तो मध्ययुगीन लॅटिन ‘कॉन्त्रारोतुलुस’मधून आला, म्हणजे प्रति-गुंडाळी. हिशेबाची एक गुंडाळी एकाकडे, तिची जोडगुंडाळी दुसऱ्याकडे, आणि दोन्ही ताडून पाहणं म्हणजे कंट्रोल. इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ पडताळणे असा होता, ताब्यात ठेवणे हा नंतरचा. म्हणजे ‘कंट्रोल’ पडताळण्याकडून रोखण्याकडे गेला आणि ‘चेक’ रोखण्याकडून पडताळण्याकडे आला. दोघं वाटेत एकमेकांना ओलांडून गेले. हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या लेखी पडताळणं आणि रोखणं ही दोन कामं कधी वेगळी नव्हतीच, हे या दोन शब्दांच्या उलटसुलट प्रवासावरून दिसतं.

आता बँकेचा चेक. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, १७०६ च्या आसपास, ‘चेक’ हा शब्द कागदाच्या संदर्भात दिसायला लागतो तो आज आपण ज्याला चेक म्हणतो त्यासाठी नव्हे. तो होता काउंटरफॉइलसाठी, म्हणजे फाडून दिल्यावर मागे उरणाऱ्या तुकड्यासाठी, स्थळप्रतीसाठी. कुणी खोटा कागद घेऊन आला तर मागे ठेवलेल्या तुकड्याशी जुळवायचं. जुळला नाही की खोटेपणा उघड. खोटेपणाला घातलेली खीळ म्हणून तो तुकडा चेक. पुढे असा तुकडा असलेल्या छापील कागदालाच चेक म्हणू लागले आणि नाव मागच्या तुकड्यावरून पुढच्या कागदावर सरकलं. पैसे देण्याचा लेखी आदेश मात्र या नावाच्या आधीपासून होता. लंडनच्या बँकरांवर १६५९ साली काढलेला, हाताने लिहिलेला ४०० पौंडांचा असा कागद आजही टिकून आहे. वस्तू आधी आली, नाव नंतर चिकटलं.

‘सक्क’चा दावा तपासताना हा क्रम लक्षात ठेवावा लागतो. अरबी ‘सक्क’ खरा शब्द आहे, आणि त्याची गोष्टही मोठी आहे. तो फारसी ‘चक’ म्हणजे लेखी करार यावरून आला. व्यापारात त्याचा वापर जुना, दहाव्या शतकातला प्रवासी इब्न हौकल याने सहाराच्या परिसरात ४२,००० दिनारांचा सक्क पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. आज इस्लामी रोख्यांना ‘सुकूक’ म्हणतात ते त्याचंच अनेकवचन. अरबी आणि फारसी व्यापाऱ्यांनी पैशाचे लेखी आदेश युरोपच्या कितीतरी आधी वापरले, हे निर्विवाद. पण शब्दाची वाट वेगळी सिद्ध करावी लागते. ‘सक्क’ इंग्रजीत आला असता तर वाटेत इटालियन किंवा फ्रेंच व्यापाऱ्यांच्या कागदांत त्याचे मधले टप्पे दिसायला हवे होते. तसे टप्पे नाहीत. उलट इंग्रजीतले सुरुवातीचे वापर स्थळप्रतीच्या अर्थाचे आहेत, आणि फ्रेंचांनी ‘शेक’ हा बँकेचा शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून घेतला. तो पूर्वेकडून फ्रान्समार्गे इंग्लंडला गेला असता तर हा प्रवास उलटा दिसला नसता. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: बँकेच्या चेकचं नाव सक्कवरून आलेलं नाही. ज्यांना या शब्दाचं श्रेय पूर्वेला द्यायचं आहे त्यांनी नाराज व्हायचं कारण नाही, ‘शाह’ मुळात फारसीच आहे.

ब्रिटिश स्पेलिंगमधला शेवटचा ‘क्यू-यू-ई’ मात्र दुसऱ्या फांदीकडून आला. त्यासाठी पटाकडे वळावं लागेल.

बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेकिए’ आणि लॅटिनमध्ये ‘स्काकारियुम’ म्हणत. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये, पहिल्या हेन्रीच्या राजवटीत, राजाचा महसूल मोजायला जे मोठं मेज मांडलं जायचं त्यावर असंच रेघांचं कापड पसरलेलं असे. १११० च्या सुमारास हे नाव त्या मेजावरून खात्यालाच पडलं, आणि त्याचं इंग्रजी रूप झालं ‘एक्सचेकर’. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही ‘चॅन्सेलर ऑफ द एक्सचेकर’ म्हणतात. शब्दशः पाहिलं तर बुद्धिबळाच्या पटाचा मंत्री!

ते मेज कसं होतं हे आपल्याला बारकाईने माहीत आहे, कारण खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७० च्या दशकात त्यावर एक पूर्ण ग्रंथच लिहायला घेतला, गुरु-शिष्य संवादाच्या रूपात. मेज दहा फूट लांब, पाच फूट रुंद. कडेने चार बोटं उंचीची पट्टी, म्हणजे सोंगट्या खाली पडू नयेत. वर काळं कापड, त्यावर वीतभर किंवा फूटभर अंतरावर रेघा. प्रत्येक रकाना एका किमतीचा: पेनी, शिलिंग, पौंड, मग वीस पौंड, शंभर, हजार. त्या काळी हिशेब रोमन आकड्यांत लिहिले जायचे, आणि रोमन आकड्यांत बेरीज करणं म्हणजे छळ. रकान्यात सोंगट्या मांडल्या की अक्षर न ओळखणाऱ्या शेरीफलाही, म्हणजे परगण्याचा महसूल राजाकडे आणून भरणाऱ्या अधिकाऱ्यालाही, दिसायचं की त्याने किती द्यायचं आहे, किती दिलं आणि किती बाकी. शिष्य विचारतो, या जागेला पटाचं नाव का? गुरु सांगतो की रेघांचं साम्य तर आहेच, शिवाय पटावर जशी लढाई होते तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते, आणि बाकीचे बसून बघतात.

पैसे भरल्याची पावती म्हणून या खात्यात लाकडाची काठी मिळायची. हेझल झाडाच्या काठीवर खाचा पाडायच्या. हजार पौंडांची खाच तळव्याच्या जाडीची, शंभरची अंगठ्याएवढी, विसाची करंगळीएवढी, एका पौंडाची टपोऱ्या सातूच्या दाण्याएवढी, आणि एका पेनीसाठी लाकूड न काढता नुसती चीर. मग काठी उभी चिरायची, अर्धी एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. वेळ आली की दोन्ही अर्धी शेजारी ठेवायची, खाचा जुळल्या पाहिजेत. स्थळप्रतीची कल्पना ती हीच, फक्त लाकडातली. या काठ्यांचा वापर १८२६ मध्ये थांबला. १६ ऑक्टोबर १८३४ रोजी साठलेल्या जुन्या काठ्या ब्रिटिश संसदेच्या तळघरातल्या भट्ट्यांत जाळायला घेतल्या, आग धुराड्यांतून पसरली आणि संसदेच्या जुन्या इमारतीचा बराचसा भाग रात्रीत जळून गेला.

बँकेचा कागद ‘चेक’ म्हणवू लागला तेव्हा लोकांच्या कानात ‘एक्सचेकर’ होताच. पैशाचा कागद आणि पैशाचं खातं, म्हणून स्पेलिंगही त्याच्यासारखं करून टाकलं. अमेरिकेने जुनं, साधं ‘सी-के’ ठेवलं. वंशावळीच्या दृष्टीने अमेरिकन स्पेलिंग जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत.

कापडाचं पुढे फार सांगण्यासारखं नाही. पटावरच्या काळ्यापांढऱ्या घरांसारखी नक्षी ती ‘चेकर’, तिचंच आखूड रूप ‘चेक’, आणि ते १४०० च्या सुमारासचं. ‘चेकर्ड करिअर’ किंवा ‘चेकर्ड पास्ट’ म्हणजे ज्यात पांढरी घरंही आहेत आणि काळीही, असा चढउतारांचा भूतकाळ. मराठीत ‘चौकडीचा’ म्हणता येत नाही, ‘बऱ्यावाईटाने भरलेला’ म्हणावं. युरोपातला चेक नावाचा देश मात्र या घराण्यातला नव्हे. ते त्या लोकांचं स्वतःचं नाव आहे, इंग्रजीत ते पोलिश स्पेलिंगमधून आलं. देवनागरीत दोन्ही सारखेच लिहिले जातात एवढाच संबंध.

राहिला तुमच्या वाक्यातला शेवटचा चेक. जुळवून पाहायची खूणचिठ्ठी या अर्थाने अमेरिकेत ‘चेक’ला बहर आला. कोट किंवा सामान ठेवलं की मिळणारा बिल्ला म्हणजे चेक. पावसाने बेसबॉलचा सामना रद्द झाला तर दुसऱ्या दिवशी येण्यासाठी चालणारी तिकिटाची अर्धी चिठ्ठी म्हणजे रेन चेक, आणि त्यावरून ‘आय विल टेक अ रेन चेक’ म्हणजे ‘आत्ता जमत नाही, पण आमंत्रण राखून ठेव’. खाण्याच्या ठिकाणी काय घेतलं ते लिहिलेली चिठ्ठी म्हणजेही चेक, ज्याला आपण बिल म्हणतो. तुमच्या कथेतला माणूस धनादेश लिहीत नाही, तो बिल भरतो आहे. बरोबरची खूण म्हणून आपण जी टिक करतो तिलाही अमेरिकन माणूस चेक म्हणतो, तेही लक्षात असू द्या, कथेत पुढे कुठेतरी येईलच.

आणि दोन सूचना अनुवादासाठी. ‘चेक्ड हिज वॉच’मध्ये तपासण्याचा अर्थ असला तरी मराठीत ‘घड्याळ तपासलं’ म्हटलं की माणूस घड्याळ बिघडलंय का ते बघतोय असं वाटतं. आपण घड्याळ पाहतो किंवा घड्याळात पाहतो. दुसरं, तीन चेक एका ओळीत मुद्दाम आणले आहेत, लेखकाला त्यात एक ताल साधायचा आहे. मराठीत तीनदा एकच शब्द आणता येणार नाही, तेव्हा ताल क्रियापदांच्या ठेक्यात शोधावा. मी असं लिहीन: ‘चालता चालता तो थबकला, घड्याळात पाहिलं आणि बिल चुकतं केलं.’ प्रसंगात घाई असेल तर ‘चुकतं केलं’ऐवजी ‘भरून टाकलं’ घ्या.